हाताला मुंग्या

"हाताला मुंग्या कधीपासून येतात?" कळंबच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चांगुणाचा पंजा दाबून पाहत विचारलं.

"लई दिस झालं. रोज येत्यात."

"फक्त पंजालाच?"

"आधी पंजा. मंग खांद्यावर चढत्यात."

डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. बाईचा हात बधिर होतो, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. चांगुणाच्या मुंग्या मात्र खऱ्याखुऱ्या, सहा पायांच्या होत्या. फक्त स्वप्नात यायच्या. तिनं लाजत ते सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मनात कोंडलेली गोष्ट अशीच अंगावर चढते, म्हणाले, आणि कुणाला काही बोलायचं राहिलंय का, असं विचारलं. चांगुणानं गोळ्यांची चिठ्ठी पदरात बांधली. राहिलं होतं.

सासूबाईंचं शास्त्र निराळं. केशरबाईंच्या मते लाल मुंग्या दिसल्या तर भांडण, काळ्या दिसल्या तर बरकत. घरातले देव त्यांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, पण मुंग्यांचं काय करायचं ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. रंग कोणता होता, असं त्या रोज सकाळी विचारायच्या. स्वप्नात उजेडच नसायचा, तर चांगुणा काय सांगणार?

बोलायचं राहिलं होतं ते असं. गावच्या दूध सोसायटीत कोंडीराम दूध मोजून घ्यायचा. गावाचं दूध मोठ्या कॅनात आणि बौद्धवाड्याचं कोपऱ्यातल्या छोट्या कॅनात. पुढं कळंबला दोन्ही एकाच टाकीत ओततात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी छोटा कॅन जागचा हलला नाही. चांगुणा रोज चरवी पुढं करायची आणि शब्द गिळून घरी यायची.

त्या साली दुष्काळ पडला आणि गावातल्या म्हशी आटल्या. बौद्धवाड्यातल्या तेवढ्या टिकल्या, कारण रोजगार हमीच्या कामावरून परतताना बाया आटलेल्या तळ्यातली हिरवळ खुरपून आणायच्या. इकडं मोठ्या कॅनाचा तळ दिसायला लागला. भरला नाही तर उद्यापासून गाडी येणार नाही, असा कळंबहून निरोप आला. गाडी बंद म्हणजे सोसायटीच बुडाली.

त्या संध्याकाळी चेअरमन महांतप्पा स्वतः येऊन बसले होते. कोंडीरामनं सवयीनं छोटा कॅन ओढला. चांगुणानं चरवी मागं घेतली. तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, या खेपेला डॉक्टरांच्या अर्थानं.

"अप्पा, वतीन तर मोठ्या कॅनात," ती म्हणाली. "न्हाय तर आमचं दूध आमी घरी नेतो."

काहीही ठरलेलं नसताना मागच्या बायांनी आपापल्या चरव्या पदराखाली घेतल्या. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. महांतप्पांनी मोठ्या कॅनात डोकावून पाहिलं.

"टोपण काढ की रं मोठ्याचं," ते कोंडीरामवर खेकसले, जसं काही पहिल्यापासून त्यांचं हेच म्हणणं होतं.

चांगुणानं स्वतःच्या हातानं दूध ओतलं. तिला इतका आनंद झाला की घर जवळ असूनही ती मुद्दाम चावडीवरून, रिकामी चरवी मिरवत गेली.

रात्री मुंग्या आल्या नाहीत. सकाळी ती सोसायटीत गेली तेव्हा छोटा कॅन भिंतीशी पालथा पडला होता आणि त्याच्या कडेवर मुंग्यांची रांग लागली होती. केशरबाईंनी निघताना बजावलं होतं, कुठं मुंग्या दिसल्या तर रंग नीट बघून ये. चांगुणानं मोठ्या कॅनात चरवी रिकामी केली आणि रंग न बघताच घरी आली.