पहिली ओळ कौतिकाबाईची

"एकटीनं कुठी दळण होते का, बे?"

जनकाबाईनं सुपातली तूर वर उडवली आणि तुळशीरामकडे न बघताच विचारलं. तुळशीरामनं तिच्यापुढे धरलेला मोबाइल तसाच धरून ठेवला.

"मावशी, दळाचं नाई. दोन ओव्या म्हणाच्या फक्त."

"तेच सांगून राह्यली ना मी. जातं फिरल्याबिगर ओवी येत नाई, अन् समोर कौतिका असल्याबिगर जातं फिरत नाई. जाय आता घरी."

कौतिकाबाई म्हणजे तुळशीरामची आई. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून जनकाबाईनं ओवी म्हटली नव्हती, आणि तुळशीराम दर वर्षा-दोन वर्षांनी येऊन असाच हात हलवत परत जात होता. या वेळी मात्र त्याचा पाय अंगणातून निघेना.

तुळशीराम तायडे एसटीत वाहक होता. निवृत्त झाल्यावर माणसं शेतात लक्ष घालतात, नाहीतर पारावर बसून गावाची उठाठेव करतात. यानं विहाराला लागून असलेली खोली मागून घेतली आणि वस्तीचा इतिहास गोळा करायला लागला. इतिहास म्हणजे काय, तर वस्तीतल्या पहिल्या शिकलेल्या मुलीची फुटकी पाटी. गावविहिरीवर पहिल्यांदा पाणी भरलं त्या दिवशीचा दोर. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेलेल्या सात जणांचा फोटो, त्यातल्या दोघांची तोंडं वाळवीनं खाल्लेली. प्रत्येक वस्तूला त्यानं जाड कागदाची चिठ्ठी आणि नंबर लावला होता. गावातली टवाळ पोरं म्हणत, नोकरी सुटली पण तायडे मामाचं तिकीट फाडणं काही सुटलं नाही. तो हसे. आपल्या माणसांचं कोणी लिहून ठेवलं नाही, तर आपण निदान चिठ्ठी तरी लावावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आणि टेपा होत्या, एकतीस. तरुणपणी खामगावहून टेपरेकॉर्डर आणून त्यानं वस्तीतल्या एकेका बाईच्या ओव्या भरून घेतल्या होत्या; जात्याशिवाय गायला तयार नसलेली जनकाबाई तेवढी राहिली. सुटीच्या दिवशी बाया ओसरीवर जमायच्या आणि कौतिकाबाई सगळ्यांना चहा करून द्यायची. एकदा तिनं पदराला हात पुसत विचारलं होतं, "माह्या नाई का घेत रे?"

"तू तर घरचीच हायेस, बाय. तुह्या कधीबी होतीन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ते कधीबी आलंच नाही. एका टेपवर गाणं चालू असताना मागे कपबश्या वाजतात, तेवढाच आईचा आवाज त्याच्याजवळ उरला होता. बरं, आठवावं म्हटलं तर तेही नाही. लहानपणी ती पहाटे जात्यावर बसली की हा तिच्या मांडीवर डोकं टेकायचा आणि पहिल्या ओळीलाच झोपी जायचा. आईचा गळा गोड होता हे त्याला लोकांकडून कळलं होतं, आणि ह्या गोष्टीची त्याला मनापासून लाज वाटायची.

त्यात मागच्या आठवड्यात मुलीचा, प्रेरणाचा, अमेरिकेतून फोन आला. ती शिकायला गेली होती त्या लहानशा गावी कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या जुन्या शाळेत अशीच खोली मांडली होती. कापूस वेचायची लांबलचक पिशवी, मोडके बाक, आणि भिंतीवर कानाला लावायची यंत्रं. त्यांतून त्यांच्या आज्यांची गाणी ऐकू येत.

"बाबा, मी त्यायले आपल्या खोलीचं सांगितलं. ते म्हणतात, तुमच्या गावचं एक गाणं द्या, आमच्या शेजारी लावतो. रविवारपर्यंत पाठवा." मग ती म्हणाली, "आजीचंच पाठवा."

एकतीस टेपांत आजीची एकही नव्हती. "पाहतो," तो म्हणाला. म्हणून तो आज जनकाबाईच्या अंगणात उभा होता. आई नाही तर आईची जोडीदारीण. हे सगळं त्यानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तूर पाखडत राहिली.

शनिवारी सकाळी तो खोली झाडत होता, तर दारात काठी वाजली. जनकाबाई उभी होती, पदराच्या टोकाला कसलीशी गाठ मारलेली.

"कुठी हाय तिचं जातं?"

जातं कोपऱ्यात होतं. चिठ्ठी नंबर एक, आणि खाली ठळक अक्षरांत 'हात लावू नये'ची वेगळी पाटी. जनकाबाईला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं जुमानलं नसतं. तिनं जात्याखाली पोतं अंथरायला लावलं, एका बाजूला बसकण मारली आणि पदराची गाठ सोडली. मूठभर ज्वारी होती.

"रिकामं जातं फिरवू नाई," ती म्हणाली. "बस समोर. तिच्या जाग्यावर. खुंटा धर, पण तोंड बंद ठेव."

त्यानं मोबाइल चालू करून खिडकीत ठेवला आणि आईच्या जागी बसला. एका खुंट्यावर दोन म्हातारे हात आले. जातं घरघरलं. एक फेरा, दोन, चार. जनकाबाई नुसतीच ओढत होती. हिला आठवत नसावं, असं त्याच्या मनात आलं, तोच ती गायला लागली:

"...विहिरीचं पाणी बाई, माह्या बी घागरीले."

मग पुन्हा नुसतं जातं. चार फेरे. आणि मग:

"...दप्तराले त्याच्या बाई, माह्या लुगड्याचा काठ."

तुळशीरामचा हात थांबला. खुंट्याला हिसका बसला.

"ओढ ना बे."

त्याच्या शाळेच्या दप्तराला लाल काठ होता. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की तो शिंप्याकडच्या चिंधीचा. आईकडे तेव्हा एकच लाल काठाचं लुगडं होतं.

"मावशी, याची पयली ओळ काय होती?"

"ते तिची. ती सुरू करे, मी दुसरी झेलो."

"पण काय म्हणे ती? माह्यं नाव होतं का तिच्यात?"

जनकाबाईनं आठवायचा खरोखर प्रयत्न केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. "मले नाई सांगता येत, तुळश्या. चाळीस वर्षं म्या आपलीच म्हटली. तिची ओळ आली की मी घास टाको जात्यात."

तो पुन्हा ओढायला लागला. तिनं आणखी सात ओव्या म्हटल्या, साऱ्या अर्ध्या. प्रत्येकीच्या आधी ती चार फेरे थांबे, मान किंचित कलती करून, समोरची बाई गातेय आणि आपण ऐकतोय अशी. त्या चार फेऱ्यांत तुळशीराम डोळे मिटून घेई आणि या वेळी झोपायचं नाही असं स्वतःला बजावी. ज्वारी संपल्यावर तिनं पीठ गोळा करून पदरात बांधलं आणि भाकरी टाकायला घरी गेली.

त्यानं रेकॉर्डिंग त्याच रात्री धाडून दिलं. रविवारी प्रेरणाचा फोन आला.

"बाबा, गाणं खूप आवडलं त्यायले. पण मधीमधी नुसतीच घरघर हाय ना, ते विचारून राह्यले की रेकॉर्डिंग तुटलं का. तेवढं कापून जोडू का म्हणतात."

"कापू नोको म्हणा."

"काऊन?"

"आजीची ओळ हाय ती."

पलीकडे प्रेरणानं तेवढं लिहून घेतलं. मग म्हणाली, "अन् नाव कोणाचं देऊ?"

"लिहून धाडतो."

त्यानं जाड कागद कापला. टेपांच्या पुढचा नंबर टाकला, बत्तीस. गाणाऱ्या दोघी, असं लिहिलं आणि खाली दोन्ही नावं घातली. आधी कौतिकाबाई, मग जनकाबाई. ओव्यांचा क्रमच तसा होता. मग तो जात्यापाशी गेला, 'हात लावू नये'ची पाटी काढून खिशात घातली आणि दगडाला चिकटलेलं पीठ तसंच राहू दिलं.