बोटभर होडी आणि माझे झाकण

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा एक कोपरा चेपला आहे, बिजागरीला गंज धरला आहे आणि झाकणावरच्या चित्रातल्या मुलीचा चेहरा अंगठे लागून लागून पुसला गेला आहे. ती झोक्यावर बसली आहे, एवढे मात्र अजून कळते. मित्रांनो, माझी गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. ठेवणे हे माझे काम. सांगणे मला कुणी शिकवले नाही. शिवाय माझ्यासारखे डबे घरोघरी पडलेले असतात, त्यांतल्या एकाचे कुणी का ऐकून घ्यावे? पण मी एके काळी समुद्रावर जात असे. ते दिवस आठवले की आत काही नसतानाही मला भरल्यासारखे वाटते. म्हणून सांगतो. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. चित्र छापलेला पत्र्याचा सपाट तुकडा यंत्राखाली गेला, जोराचा दणका बसला आणि मला चार भिंती आल्या. मग बिजागरी आली, झाकण आले. ते पहिल्यांदा ‘टक्’ करून लागले, तोच माझा पहिला शब्द. माझ्यात बिस्किटे भरली गेली आणि ती कायमची माझीच आहेत, असे मी समजून बसलो. एका गिऱ्हाइकाने मला चष्म्याच्या दुकानात भेट म्हणून दिले, आणि चहाबरोबर बिस्किटे कधी संपली ते कळलेही नाही. मग माझ्यात चष्म्यांचे बारीक स्क्रू आले, नाकावर टेकायच्या मऊ गाद्या आल्या, मोडक्या दांड्या आल्या. मी काउंटरखाली राहू लागलो.

दुकानाचे मालक म्हणजे बाबा. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही म्हणतो. अबोल माणूस. गिऱ्हाईक नसले की ते लाकडाच्या काड्या तासून इवल्याशा होड्या बनवत. तांदळाएवढी वल्ही, टाचणीच्या डोक्याएवढी कडी. काम करताना जीभ जरा बाहेर येई आणि मग हाक मारली तरी ऐकू जात नसे.

दर उन्हाळ्यात हे कुटुंब समुद्रकाठी दोन खोल्या भाड्याने घेऊन राही. एका वर्षी बाबांनी आपला सगळा पसारा बरोबर नेला. मी तेव्हा दुकानातच होतो, पण ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की मला पाठ झाली आहे. तिथल्या एकुलत्या एका टेबलावर रंग, करवती आणि फळ्या पसरल्या. घरच्यांना पायरीवर बसून जेवावे लागले. पंखा लावला तर काड्या उडाल्या, बंद केला तर सगळे उकडून निघाले. शेवटी पांढऱ्या रंगाची बाटली लवंडली, ती नेमकी मामाच्या विजारीवर. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बडबड्या आणि खोडकर.

“भाऊजी,” तो म्हणाला, “एवढा थोरला समुद्र समोर पसरलाय, आणि तुम्ही बोटभर बोटीला बोट लावत बसलाय! आता मी हा पांढरा पाय घेऊन फिरू कुठं?”

सगळे हसले. आई हसली नाही. ती घरी आल्यावर दुकानात आली, काउंटरखालून मला उचलले, माझ्यातले स्क्रू एका वाटीत ओतले आणि मला बाबांपुढे ठेवले.

“अहो, पुढच्या वर्षीपासून या डब्यात मावेल तेवढंच घ्यायचं. झाकण लागलं पाहिजे. मी स्वतः दाबून बघणार.”

“एवढ्याशा डब्यात?”

“आणि दुपारी आम्ही आडवे होतो तेवढाच वेळ. चहा झाला की तुम्ही आमचे.”

बाबांचे डोळे चमकले. त्या दिवसापासून मला मान मिळाला. वर्षभर ते माझ्यात काय काय मावते ते बघत राहिले. करवतीची मूठ कापून आखूड केली. कानशीचा अर्धाच तुकडा घेतला. दोरा काडीला गुंडाळला, डिंक औषधाच्या छोट्या बाटलीत भरला, चिमटा तिरका ठेवला. मग मधल्या रिकाम्या जागेत बसेल एवढीच होडी बनवायची ठरली. कुणी होडीसाठी डबा करतात. बाबांनी डब्यासाठी होडी केली. निघायच्या दिवशी आईने अंगठ्याने झाकण दाबले. टक्! “चला,” ती म्हणाली. मित्रांनो, असे कौतुक माझ्या वाट्याला आधी कधी आले नव्हते.

आणि मी समुद्र पाहिला. खरे तर समुद्र मला पुरता दिसला नाही. ओसरीच्या कठड्यावर मला उघडे ठेवत, तिथून त्याचा आवाज येई आणि खारा वारा माझ्या कोपऱ्याकोपऱ्यांत फिरे. दुपारी सगळे निजले की बाबा कामाला बसत. शेजारी त्यांची मुलगी बसे. ती सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून तिचे नाव पडले भुंगी.

“भुंगे, हात नाही लावायचा.”

“लावत नाहीये. नुसती बघतीये.”

“तोंडाने वाराही नाही घालायचा.”

“मग श्वास कुठून घेऊ?”

हळूहळू तिला पॉलिश पेपरचा तुकडा मिळाला. ती होडीची एकच बाजू इतकी घासायची की बाबांना दुसरी बाजू तेवढीच घासून बरोबरी करावी लागे. समुद्रकाठच्या दमट हवेत डिंक लवकर वाळत नाही, त्यामुळे एका दुपारी एखादाच सांधा होई. मग दोघे तो वाळायची वाट बघत गप्प बसत. त्या वाट बघण्यातच बहुतेक सुट्टी जाई. घरी आल्यावर बाबा त्या होडीला हात लावत नसत. ती सुट्टीचीच होडी होती.

“बाबा, शीड कधी लावायचं?” भुंगीने विचारले.

“सगळ्यात शेवटी.”

“मी लावणार.”

“तूच लाव.”

आईने हे अर्धवट झोपेत ऐकले असावे. परत आल्यावर तिने भुंगीच्या तान्हेपणच्या झबल्याचा एक मऊ तुकडा कापून, कडा दुमडून, माझ्या तळाशी ठेवून दिला. तेच शीड. ते कापड इतके हलके होते की मला त्याचे वजन कधी जाणवले नाही, पण ते आहे हे कायम ठाऊक असे.

होडीचे अंग झाले. बाक झाले, वल्ही झाली, सुकाणू झाले. उरली फक्त डोलकाठी. बाबांनी ती तासून होडीशेजारी माझ्यात आडवी ठेवली. आणि तिथेच सगळे अडले. कारण ती काठी एकदा उभी राहिली, तिला शीड लागले, की होडी माझ्यात मावणार नव्हती. मग झाकण कसे लागणार? आणि झाकण लागले नाही तर मी समुद्रावर येणार कसा? बाबा काठी हातात घेत, भोकाशी लावून बघत आणि मान हलवत. “अजून जाड आहे जरा.” मग घासत. पुढच्या वर्षीही तेच. घासून घासून ती एकदा मोडली, तेव्हा त्यांनी इतक्या आनंदाने नवी तासायला घेतली की मामा म्हणाला, “भाऊजी, तुमची होडी पूर्ण व्हायच्या आत समुद्र आटेल!”

मला ते कळत होते. होडी पूर्ण व्हावी असे मलाही वाटे. झबल्याचा तुकडा वाऱ्याने फुगलेला बघावा असे फार वाटे. पण ती माझ्यातून जाऊ नये, हेही तितकेच वाटे. दोन्ही एकदम कसे व्हावे?

भुंगी मोठी झाली. ती लाटांमध्ये लांबवर पोहायला जाऊ लागली, दुपारी कानात गाणी घालून पुस्तक वाचू लागली. तिचे गुणगुणणे थांबले. ओसरीवरून जाताना ती कधी माझ्यात डोकावे आणि विचारी, “झाली नाही अजून?” उत्तर ऐकायला थांबत नसे. पुढे ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. पहिल्या वर्षी तिचा फोन आला, “आई, यंदा नाही जमत.” दुसऱ्या वर्षी तो यायच्या आतच खोल्या नकोत म्हणून कळवले गेले. बाबांनी मला फडक्याने पुसले, झाकण लावले आणि माळ्यावर ठेवले.

माळ्यावरची वर्षे फार सांगण्यासारखी नाहीत. डिंक बाटलीत दगड झाला. समुद्राचा खारेपणा बिजागरीत राहून गेला होता, त्याने गंज आणला. खाली बादलीत नळ सोडला की तो आवाज मला लाटांसारखा वाटे. कुणी बॅग काढायला शिडी लावली की वाटे, निघालो! बॅग जाई, शिडी जाई, मी राही. पण आत होडी होती, तिच्याशेजारी काठी होती, खाली तो तुकडा होता. मी त्यांना घट्ट धरून होतो. तेवढाच आधार.

एके दिवशी हात आला तो आईचा. खाली आलो तर बाबा किती बारीक दिसले! सगळ्या गावाला चष्मे देणाऱ्या माणसाच्या चष्म्याची काच आता जाडजूड झाली होती आणि हाताला कंप सुटला होता.

“चला, समुद्रावर जाऊ,” आई म्हणाली.

“आता काय करायचंय तिथं? मला दोरा दिसत नाही, काठी धरवत नाही.”

“मग हवा खाऊ. पण डबा घेतलाय मी.”

तीच ओसरी, तोच कठडा. बाबांनी मला उघडले, काठी उचलली, आणि ती त्यांच्या बोटांतून तीनदा निसटली. त्यांनी ती परत ठेवली. या वर्षी नाही तर मग कधीच नाही, हे त्यांनाही कळले आणि मलाही. आई उठून आत गेली. तिचा फोनवरचा एवढाच शब्द मला ऐकू आला, “जमलं तर ये. आग्रह नाही.”

भुंगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एका दिवसाची रजा, पाठीला लहानशी पिशवी. पाणीसुद्धा न पिता ती बाबांशेजारी जमिनीवर बसली, पूर्वी बसे तशीच, आणि माझ्यात डोकावली.

“काठी अजून जाडच आहे गं,” बाबा घाईने म्हणाले.

“बाबा, ती कधीच जाड नव्हती.”

“म्हणजे?”

“शाळेत होते तेव्हाच मी एकदा भोकात घालून बघितली होती. तुम्ही पोहायला गेला होतात. अगदी बरोबर बसली.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर होडी झाली असती ना!”

मागून आईचा आवाज आला, “वा! बाप तसा, लेक तशी. आणि मला काय दोघं खुळी समजत होतात? झाकण दर वर्षी मीच दाबून बघत होते. आत काठी उभी राहत नाही, हे मला कळत नव्हतं?”

बाबा हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

आईने सुईत दोरा ओवला. भुंगीने बाबांचा हात आपल्या हातात धरला आणि दोघांनी मिळून काठी उभी केली. तिच्या बाळपणीचा तो तुकडा माझ्या तळातून निघाला. तो निघाला तेव्हा कुठे मला त्याचे वजन कळले. ती शीड बांधू लागली, आणि मित्रांनो, ती गुणगुणत होती. आपण गुणगुणतो आहोत, हे तिला ठाऊकही नव्हते.

शीड लागले. बाबांनी सवयीने होडी माझ्यात ठेवली आणि झाकण ओढले. ते काठीला टेकून अर्ध्यावर थांबले.

“नाही लागत गं झाकण,” ते आईकडे बघून म्हणाले. परवानगी मागावी तसे.

आईने झाकण अंगठ्याने हलकेच मागे सारले. “असू दे उघडं,” ती म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी ओहोटीने मागे सोडलेल्या एका डबक्यात होडी सोडली. वाऱ्याने शीड फुगले, होडी हातभर गेली आणि वाळूला टेकली. कठड्यावरून मला ते दिसले नाही, नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले. मी फक्त तिघांचे ओरडणे ऐकले. दुसऱ्या दिवशी भुंगी होडी ओंजळीत धरून बसमध्ये चढली. “मांडीवर घेऊन जाईन,” ती म्हणाली. माझ्यात ती मावत नव्हतीच.

आता मी बाबांच्या खिडकीत असतो. आत थोडी वाळू आहे आणि दोऱ्याचा एक तुकडा. दर रविवारी भुंगीचा फोन येतो. होडी तिच्या टेबलावर आहे, असे ती सांगते, आणि बाबा माझ्यावर हात ठेवून ऐकतात. मी रिकामा आहे, पण कुणी फेकून दिलेला नाही.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. एवढेच मागतो. तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात मान खाली घालून काही बारीक काम करत असेल, तर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा. हात लावू नका, घाई करू नका. डिंक वाळेपर्यंत नुसते बसा. आणि माझ्यासारखा एखादा जुना डबा सापडला, तर कोरड्या फडक्याने पुसा, बिजागरीला तेलाचा एक थेंब द्या.

माझे झाकण मात्र लावू नका. भुंगी कधी होडी घेऊन आली, तर ती माझ्यात मावणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही ती येईल तेव्हा मी उघडा असावा, असे वाटते.