चार वाजता सरकणारं चित्र

हेमांगीचा मॉनिटर सकाळी शहाण्यासारखा वागायचा आणि दुपारी चार वाजता त्याच्या अंगात यायचं. बटण दाबलं की मधोमध एक चौकट उगवायची, आपण जुळवाजुळव करतोय असं इंग्रजीत सांगायची, आणि मग सगळं चित्र डावीकडे सरकायचं, उजवीकडे यायचं, थरथरायचं. पाच-सहा सेकंदांचा खेळ. कधी चित्र जागेवर बसायचं, कधी बसायचंच नाही, आणि मग सातबाऱ्याची डावी कड पडद्याबाहेर जाऊन लोकांची नावं अर्धी दिसायची.

दिवेआगरला नारळ-सुपारीच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या घराच्या पडवीत हेमांगीचं टायपिंगचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं. गेली अठरा वर्षं. दुपारी एकला ती कॉम्प्युटर बंद करायची, जेवून मागच्या खोलीत आडवी व्हायची, आणि चारला चहाचा कप घेऊन परत खुर्चीत. या तीन तासांत गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही, आणि वाजवलं तर शिव्या खातो.

मॉनिटर बिघडला तेव्हा तिला काळजी अशी वाटलीच नाही, कारण धाकटा भाऊ विनेश घरात होता. पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करणारा माणूस. पंधरा दिवस घरूनच काम करायची परवानगी काढून तो आला होता, आणि ताईच्या हातचं खाऊन त्याच्या गालांवर तजेला चढला होता. तिने हाक मारली की तो यायचा, टेबलाखाली वाकायचा, वायर काढून फुंकर मारायचा, पुन्हा लावायचा, बाजूची बटणं दाबून सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या करायचा.

"खारी हवा आहे ताई. पिना गंजतात," तो पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला व्होल्टेज. चौथ्या दिवशी म्हणाला, "म्हातारा झालाय. फेकून दे. सोमवारचं काम उरकलं की मी तुला नवा घेऊन देतो."

सोमवारचं काम म्हणजे हक्कसोड. वडील, म्हणजे नाना, गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांचीही नावं चढली होती. विनेशचं म्हणणं, एकच नाव असलं की कामं पटापट होतात. नाव माझं असलं तरी वाडी तुझीच, असं तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता. आणि हेमांगीला त्यात नवल वाटलं नव्हतं. इकडे बहिणी भावाला हक्क सोडून देतात, ओवाळणीच्या ताटात टाकावा तसा. जी देत नाही तिच्याबद्दल गाव वर्षभर बोलतं. हेमांगीने स्वतः अशा कितीतरी बायकांचे मसुदे टाइप केले होते. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे वाक्य तिची बोटं न बघता टाइप करत. तिने आपलाही मसुदा करून ठेवला होता. फक्त तालुक्याला जाऊन सही करायची बाकी होती.

वाडी म्हणजे तिचा जीव होता, हे सांगायला हवं. तिने लग्न केलं नाही, नानांचं सगळं केलं. वीस सालच्या वादळाने एका सकाळीत वाडी आडवी केली, तेव्हा तिने रडायच्या आधी कोयता घेतला. आठव्या दिवशी विनेश मोटारसायकलवर ताडपत्री बांधून आला. दोघांनी मिळून पडलेली खोडं ओढली आणि पावसात दोनशे पोफळी लावल्या. तो खड्डे खणायचा, ती रोप धरायची. पुढची पाच वर्षं पाणी तिने एकटीने घातलं, पण लावताना भाऊ होता, हे ती येईल त्याला सांगायची. यंदा त्या पोफळींना पहिले घड लागले होते.

गुरुवारी सकाळी एका कामासाठी बोर्लीचा शिवदास गावात आला होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, बोलायला तुसडा आणि हाताला हुशार. हेमांगीने त्याला दुकानात बोलावलं. त्याने कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. तिन्ही वेळा चित्र सरळ आलं.

"हा तर बरा हाय," तो म्हणाला. "कधी नाचतो?"

"दुपारी चारला. सकाळी नाय नाचत."

"रोज?"

"रोज. रविवारी पण."

शिवदासने मॉनिटरच्या मागे हात घातला. वायरचे दोन्ही स्क्रू सैल होते. "हे मी गेल्या दिवाळीत आवळले होते. कुणी काढले?"

"माझा भाऊ बघत होता ना."

"ताय, मॉनिटरला कायपण झालेलं न्हाय. हा जुना हाय, याला शेवटचं मशीन तेवढं लक्षात ऱ्हातं. दुसरं मशीन लावलं की तो त्याच्या मापाचा व्हतो. मग तुमचं परत लावलं की परत जुळवत बसतो. दुपारचा कोनतरी दुसरं मशीन लावतोय याला."

"घरात आम्ही दोघंच," असं म्हणून हेमांगी हसली. हसू मध्येच थांबलं. शिवदासने पिशवी उचलली, चहा नको म्हणाला, आणि गेला.

तिने स्वतःची समजूत काढली. लॅपटॉपचा पडदा लहान असतो, बिचाऱ्याने ऑफिसच्या कामाला लावला असेल. मग सांगितलं का नाही? विसरला असेल. विचारलं तर सांगेल. जेवताना तिने त्याच्या ताटात माशाची आणखी एक तळलेली तुकडी घातली आणि सहज विचारलं, "विनू, तू दुपारचा माझ्या मॉनिटरला लॅपटॉप लावतोस का रे?"

"छे," विनेश म्हणाला. त्याने वर पाहिलंच नाही. "मी कशाला लावू?"

तिने त्याला लहानपणापासून खोटं बोलताना पाहिलं होतं. तो असाच मान खाली घालून काटे वेचायचा.

शुक्रवारी ती आडवी झाली, पण डोळे मिटले नाहीत. अडीच वाजता उठून अनवाणी पडवीत आली. पडवीत कुणी नव्हतं. टेबलावर विनेशचा लॅपटॉप होता, तिच्या मॉनिटरची वायर त्याला लावलेली, आणि पडद्यावर तिची वाडी होती.

वाडी तिने लगेच ओळखली. विहीर, बांध, समुद्राकडचं फाटक. त्यावर रंगीत चौकोन काढले होते आणि प्रत्येकावर नाव होतं. नारळांच्या जागी कॉटेज, एक ते चौदा. तिच्या पडवीवर पार्किंग. दोनशे पोफळींवर निळा चौकोन होता, त्यावर लिहिलं होतं स्विमिंग पूल.

बाहेर विहिरीपाशी विनेश फोनवर बोलत होता. "हो, हो. सोमवारी ताईची सही झाली की सगळं क्लिअर. नाही, ती काही विचारत नाही."

हेमांगी खुर्चीत बसली. राग नंतर आला. आधी तिला लाज वाटली, आपण किती सहज फसतो याची. दहा दिवस हा माणूस टेबलाखाली वाकून फुंकर मारत होता. आपणच केलेला बिघाड आपणच शोधत होता, आणि ती शेजारी टॉर्च धरून उभी होती.

विनेश आत आला आणि उंबऱ्यातच थांबला. "ताई... झोपली नाहीस?"

"विनू, ह्यात मी कुठाय?"

"अगं, हे नुसतं असंच. अजून काही नक्की नाही."

"मी कुठाय ते दाखव."

"तुझी सोय केली आहे मी. तुला बाहेर काढणार होतो का मी?" तो घाईघाईने पुढे आला, माउस सरकवून त्याने फाटकाजवळचा एक लहान चौकोन मोठा करून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, केअरटेकर.

हेमांगीने त्याचा हात माउसवरून बाजूला केला.

"खरं सांगून मागितली असतीस तर दिली असती," हेमांगी म्हणाली.

"मागितली असती तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं. दोन दिवस भांडले असते तुझ्याशी, जेवले नसते. तिसऱ्या दिवशी दिली असती. मी कशी हाय ते मला माहीत हाय, आणि तुला पण माहीत हाय." तिचा आवाज फाटला. "ते सोडून तू मला बनवलंस रे. माझ्याच टेबलावर बसून बनवलंस."

तिने उठून लॅपटॉपची वायर काढली. आपल्या कॉम्प्युटरची लावली, दोन्ही स्क्रू बोटं दुखेपर्यंत आवळले आणि बटण दाबलं. चौकट आली. चित्र डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, थरथरलं. दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग तिने आपला मसुदा उघडला.

"वाच. मोठ्याने."

"ताई, प्लीज."

"वाच."

"मी, हेमांगी... माझ्या भावास... नैसर्गिक प्रेम व..." विनेश थांबला. त्याच्याने पुढचा शब्द काही वाचवेना. तेवढ्यावर हेमांगीने फाइल पुसून टाकली.

शनिवारी सकाळच्या एसटीने तो गेला. तिने त्याला अडवलं नाही आणि डब्यात आंबोळ्या द्यायचं मात्र चुकवलं नाही. डबा त्याने घेतला की ओट्यावरच ठेवला, हे बघायला ती बाहेर आली नाही.

एकला तिने दुकान बंद केलं, जेवली, आडवी झाली. चारला चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली आणि बटण दाबलं. चौकट आली नाही. चित्र जिथल्या तिथे, सरळ, न हलता उमटलं.

तेव्हा मात्र हेमांगीला रडू आलं.