बारवाल्यांच्या कपाटातली दारू

सासऱ्यांना सगळी गल्ली बारवाले म्हणायची. नव्याने राहायला आलेल्याला वाटायचं, ह्यांचा कुठेतरी पिण्याचा गुत्ता असणार. खरं तर त्यांनी उभ्या आयुष्यात एकच बार सांभाळला, तोफेचा. गावाबाहेरच्या तळ्यावर होड्यांच्या शर्यती व्हायच्या आणि शर्यत सोडायला मंडळाची गुडघ्याएवढी पितळी तोफ होती. तिच्यात काळी दारू ठासायची, वात पेटवायची आणि मागे सरायचं, हे काम बारवाल्यांनी केस पांढरे होईपर्यंत हौसेनं केलं. मग मंडळानं विजेचा भोंगा आणला. तोफ शोभेला चौथऱ्यावर बसली आणि बारवाले घरी बसले.

घरी बसल्यापासून त्यांनी एकच हेका धरला होता. थंडी कितीही पडो, त्यांच्या खोलीत हीटर येता कामा नये. दिवे गेले तरी मेणबत्ती उंबऱ्याबाहेर. सासूबाई दोन-दोन स्वेटर चढवून झोपायच्या. "वीज काय फुकट येते?" एवढंच बारवाले म्हणायचे. म्हातारपणी माणसाचा हात आखडतो, अशी घरच्यांनी समजूत करून घेतली. मुलानं तर सांगून सांगून नाद सोडला होता.

सुनेनं सोडला नव्हता. ती औषधाच्या दुकानात काम करायची, आणि सासूबाईंचा खोकला त्या हिवाळ्यात हटायलाच तयार नव्हता. तिनं पदरचे पैसे घालून हीटर आणला. सुट्टीच्या दिवशी बारवाले डोळे तपासायला गेले तेवढ्यात वायरमनला बोलावलं. एकदा प्लग बसला की बोलून बोलून किती बोलतील, असा तिचा हिशोब.

प्लग बसवायची जागा नेमकी लाकडी कपाटामागे आली. कपाट हलेना.

"खालचा खण रिकामा करा ताई," वायरमन म्हणाला. "आत दगड भरल्यासारखं लागतंय."

खणात जुन्या गोधड्या कोंबल्या होत्या. त्यानंच एका हातानं त्या ओढून काढल्या. दुसऱ्या हातात ड्रिल होतं. गोधड्यांमागे पत्र्याचे डबे नीट रचून ठेवले होते. प्रत्येकावर लाल ज्वाळेची खूण. एका डब्याची शिवण गंजून उकलली होती आणि खाली अंथरलेल्या कागदावर काळे, चकचकीत दाणे सांडले होते.

वायरमननं ड्रिल असं खाली ठेवलं, जसं काही झोपलेलं तान्हं मूल.

"ताई, इथे दारू आहे."

सासूबाई दारातच होत्या. "काहीतरीच काय! ह्यांनी जन्मात थेंबाला हात लावला नाही."

"प्यायची नाही, आजी. उडायची."

स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं. सून धावली, तिनं गॅस बंद केला, सासूबाईंचा दंड धरला आणि तिघं होते तसे रस्त्यावर आले. समोरच्या शिंपीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे दारू सापडली," आणि त्यातून जो गोंधळ झाला तो निस्तरायला वायरमनला ठेवून सून फोन घेऊन गल्लीच्या टोकाशी गेली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला कळवू नकोस. बाबांचा परवाना आहे, पण तो थोड्याशा दारूचा. हे डबे त्यात मावायचे नाहीत. बाबांना आत टाकतील. मी येतो. गाडीत घालू आणि गुपचूप तळ्यात सोडून देऊ."

"अरे, एक डबा फुटलाय. खाली सांडलीय ती. तू ती हातानं उचलणार, आणि खड्ड्या-खड्ड्यांतून गाडी नेणार?"

"बाबांचं नाव जाईल गं," तो म्हणाला.

"नावाचं नंतर बघू. आधी बाबा राहू देत, आणि तूही."

तिनं फोन ठेवला आणि अग्निशमन दलाचा नंबर लावला. दुकानात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, उरलेली औषधं मोरीत ओतू नका, परत आणून द्या, कुणी रागावणार नाही. आज मात्र कुणी रागावणार नाही याची तिला मुळीच खात्री नव्हती. तरी तिनं पत्ता सांगितला.

गाडी भोंगा न वाजवता आली. सोबतची अधिकारी सुनेच्याच वयाची होती. खोली कुठली, डबे कसे, घरात आणखी कोण, एवढंच तिनं विचारलं आणि आजूबाजूची घरं रिकामी करायला लावली. माणसं आत जायच्या तयारीत असतानाच बारवाले कोपऱ्यावरून वळले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे काळा चष्मा लावला होता. लाल गाडी बघून ते जागच्या जागी थांबले.

सून पळतच गेली. आता हे चिडतील, नाहीतर छातीला हात लावून खाली बसतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"सापडली?"

"हो, बाबा."

ते गल्लीच्या टोकाच्या एका पायरीवर टेकले. चष्मा काढला, डोळे पुसले. औषधाचं पाणी होतं की काय, कोण जाणे.

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं गं बाई. सुटलो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंडळानं तळ्यावरचं जुनं कोठार पाडलं, तेव्हा चिटणीस म्हणाले, बारवाले, चार दिवस तुमच्याकडे ठेवा. ते चार दिवस संपलेच नाहीत. पुढे चिटणीस फोन उचलेनासे झाले. डबे विकणारा दुकानदार म्हणाला, उघडलेले डबे परत घेत नाही. तेवढ्यात कुठल्याशा माणसाला याच कारणासाठी दंड झाल्याची बातमी वाचली आणि बारवाल्यांच्या तोंडाला कुलूप बसलं.

"हीटर आला की घर गेलं, हेच डोक्यात असायचं," ते म्हणाले.

सासूबाई ऐकत होत्या. "म्हणजे हिवाळ्यामागून हिवाळे मला कुडकुडत ठेवलंत, ते ह्यापायी?"

"सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती?"

"नसती लागली. पण तुम्हालाही लागू दिली नसती. कधीच निकाल लागला असता."

आत माणसांनी सांडलेली दारू पाण्यानं भिजवून टिपून घेतली आणि एकेक डबा उचलून लाकडी पेट्यांत ठेवला. सगळं गाडीत चढल्यावर अधिकारी पायरीशी आली.

"एकदा वाटलं होतं, लोखंडी तिजोरीत कुलूपबंद करावी," बारवाले म्हणाले.

"नाही केलीत तेच चांगलं. घट्ट लोखंडात कोंडलेली पेटली तर बॉम्बच होतो. परवान्यात असेल तेवढीच ठेवायची, तीही तिच्याच डब्यात, लाकडी पेटीत, विस्तवापासून आणि विजेपासून लांब. तुमच्याकडे तर कितीतरी पट होती, आजोबा."

"ठाऊक आहे." बारवाले उठून उभे राहिले. "आता माझं काय करणार?"

"लिहून घ्यावं लागेल. साहेब लेखी समज देतील. तुम्ही स्वतःहून कळवलंत, तसं मी लिहिते."

"मी नाही कळवलं. सुनेनं कळवलं."

"घरातून कळवलं. मला तेवढं पुरे. तुमच्या परवान्याइतकी ठेवायची असेल तर अर्ज करा, नवी, चांगली मिळेल."

बारवाल्यांनी बायकोकडे बघितलं. बायको आभाळाकडे बघत होती.

"नको," ते म्हणाले. "परवानाही घेऊन जा."

नवरा धापा टाकत पोचला तेव्हा बापाची वकिली करायची पुरती तयारी करून आला होता. बघतो तर बाप शिंपीणबाईंचा चहा पीत दलाच्या माणसांना सांगत होता, की एकदा बाराच्या दणक्यानं मंडळाच्या अध्यक्षांची टोपी कशी उडाली आणि त्यांनी ती दिवसभर कशी होडीतून शोधली. माणसं हसत होती. नवरा बायकोजवळ येऊन उभा राहिला.

"डबे तळ्यात टाकायची माझी कल्पना," तो पुटपुटला, "बाबांना सांगू नकोस."

"नाही सांगत. आईंना सांगेन."

वायरमननं आपलं सामान गोळा केलं आणि उद्या येतो म्हणाला. आजच्याला त्याचा हात भिंतीला लागणार नव्हता.

दुपारची जेवणं फार उशिरा झाली. नंतर सून त्या खोलीत खिडक्या उघडायला गेली. फरशी अजून ओलसर होती, खण सताड उघडा आणि मोकळा. ती पलंगावर टेकली. बारवाले पाण्याचा ग्लास घेऊन आले, तिच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. चिटणिसाला आता कसं फैलावर घेतो बघ, असं काहीतरी ते सांगायला लागले, पण वाक्य अर्ध्यातच राहिलं. मान छातीवर कलली. जरा वेळानं घोरणं सुरू झालं.

सासूबाई दारातून डोकावल्या. "दिवसा कधी ह्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "झोपू दे."

सुनेनं ग्लास रिकामा केला आणि दार अलगद ओढून घेतलं.