हो, नाही आणि तिसरं काही

"भलती आडमुठी आहे तुझी स्क्रिप्ट!" ताश्कंदच्या ऑफिसात तुल्किन-अका तणतणले. "फाइलीत 'जुनं सगळं पुसायचं?' याच्यापुढे मी आपलं उझबेक 'योक', म्हणजे 'नाही', लिहिलं, तर बया अडूनच बसली."

नोदिरा ढिम्म हलली नाही. "तिला 'येस' किंवा 'नो' एवढंच चालतं, अका. तिसरं काही दिसलं की ती थांबणारच."

"आधीची कधी अडली नव्हती."

"आधीची काहीही लिहिलं तरी 'हो'च समजायची. तुमच्या 'योक'वर तिनं सगळं साफ केलं असतं."

अका वरमले. त्यांनी किटली उचलली.

"मला नको, अका."

तरी प्याला भरलाच.

नोदिरानं विचारलं, "आधीची तुम्हीच लिहिली होती ना?"