उभ्या रेडिओचा वाटा

दारव्ह्याच्या अन्सार मेकॅनिकला आताशा किंमत सांगायचाच कंटाळा आला होता. दुरुस्तीला कोणी येत नव्हतं. जो तो 'जुनं आहे, किती येतील?' एवढंच विचारायचा. बबनरावांकडचा कंबरेएवढा उभा रेडिओ मात्र त्यानं मन लावून पाहिला. मागचा पुठ्ठा काढला. वाल्व्ह मूळचे, कंपनीची पट्टी शाबूत, सागवानाला कीड नाही. बटण फिरवलं तसा काचेतला हिरवा डोळा सावकाश उजळला आणि नागपूर बोलू लागलं.

“शौकीन माणूस पन्नास हजाराले हसत घेईल, बबनभाऊ.”

“उद्या वाटणीत मात्र भंगार सांगजो,” बबनराव म्हणाले. “धाकल्या घनश्यामनं नाई उचलला पायजे. तुही विमलभाभी गेल्यापासून संध्याकाळी घरात हाच एक बोलते.”

त्या घरची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. उचललेला वाटा फिरत नाही. अन्सारला खोटं बोलणं जिवावर आलं होतं, पण वाद घालायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीत दोन वाटे मांडले. एकात पितळी भांडी, कपाट, शिलाई मशीन. दुसऱ्यात रेडिओ आणि मोडकी खाट. आंधळ्यानंही पहिलाच उचलला असता.

मारेगावहून आलेल्या घनश्यामनं विचारलं, “अन्सारभाई, रेडिओचं काय येईल?”

“काही नाई. आतून गेला. लाकूड जाळाले कामी येईल.”

घनश्याम उठला आणि त्यानं रेडिओवरच हात ठेवला. “मंग हाच वाटा माहा. दादानं चांगलं सारं माह्यासाठी लावलं, मले समजत नाई काय? हे भंगार त्याच्या गळ्यात कायले? जाता जाता देऊन टाकतो भंगारवाल्याले.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अन्सारनं बबनरावांकडे पाहिलं. शरमेनं त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. अन्सारला त्यांची कीव आली, आणि स्वतःचीही.

“भंगारात देऊ नको, घना,” बबनराव म्हणाले. “वाजते तो. गरम व्हाले वेळ लागते त्याले. लगेच बंद नको करू.”

घनश्यामनं एकदा अन्सारकडे पाहिलं, एकदा भावाकडे. त्याच्या ध्यानात आलं असावं. “मंग ठेव ना, दादा, तुह्यापाशीच.”

“उचलला न तू,” बबनराव म्हणाले, आणि रेडिओ गाडीत चढवायला एका बाजूनं त्यांनी स्वतःच हात लावला.