विठ्ठलास वाहिलेली वाडी

या, जरा पुढे सरका, सतरंजीवर अजून जागा आहे. पूर्वरंग संपलाय, बुवा उपरण्याने घाम पुसताहेत, तबलजी पान लावतोय. तेवढ्या विसाव्यात एक गोष्ट सांगतो. गोष्ट एका शब्दाची आहे, आणि तो शब्द तुम्ही घरी जाताना सोबत न्याल असा माझा भरवसा आहे.

साल असेल अठराशे सत्त्याऐंशी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला हरिहर ठाण्याच्या कोर्टात नुकताच उभा राहू लागला होता. होता मात्र हाताखालचाच. मोठे वकील मुंबईहून येत आणि हा त्यांचे कागद लावून देई. देवस्थानांच्या जमिनी, भागीदारांची भांडणे, खोटी खते, हेच त्याचे रोजचे काम. स्वतःचा म्हणून पहिला मुकदमा मिळाला तो कळव्याच्या विठ्ठलरावांचा.

कळव्याला खाडीकाठी मिठागरे. जिकडे खणाल तिकडे खारे पाणी. एका वाडीतली विहीर तेवढी गोड्या पाण्याची. विठ्ठलरावांची चुलती गोदाबाई हिने मरणापूर्वी त्या वाडीचा कागद केला होता. वीस वर्षे अख्खा गाव तिथे पाणी भरत आला. मग विठ्ठलरावांनी कुंपण घातले, फाटकाला कुलूप ठोकले. मिठागरातल्या बायांना आता पारसिकाच्या डोंगरापर्यंत कोसभर जावे लागे. गाव म्हणे, वाडी देवाची. विठ्ठलराव म्हणत, "कागदात विठ्ठलाला दिली असं आहे. विठ्ठल मी!"

साहेब न्यायाधीशापुढे त्या मोडी कागदाचे इंग्रजी भाषांतर दाखल झाले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते, वाडी विठ्ठल यास दिली. कोण विठ्ठल, याचा खुलासा नाही. हरिहराने भाषांतर दहादा वाचले होते. मूळ कागदाची नक्कल त्याच्या पिशवीत होती, पण ती वाचायचे त्याला कधी सुचले नाही. विलायतेत शिकलेल्या माणसाचे हे असे होते.

जागा पाहायला तो होडीने खाडी ओलांडून गेला. दुपार कलत होती. ओहोटीने उघडा पडलेला चिखल रुप्यासारखा चमकत होता आणि मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे दिसत होते, की ते जमिनीवर आहेत की ढगांतून उतरताहेत हे त्याला कळेना. गावच्या विठ्ठलाच्या देवळात कोणी टाळ वाजवून पाहत होते. तो नाद पाण्यावरून यायचा आणि विरून जायचा. हरिहर आपण कशाला आलो हे घटकाभर विसरला.

फाटकापाशी रिकामी घागर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिचे नाव सखुबाई.

"वकील काय रं तू? इठ्ठलरावाचा?"

"हो, आजी."

"मंग वाच की तो कागूद. येवढं भांडन झालं, पन गोदाबाय काय बोलली ते आमाला कुनी आयकवलंच नाय."

हरिहर हसला. नक्कल काढून मोडीतली अक्षरे लावत सावकाश वाचू लागला, "सदरहू वाडी विहिरीसकट विठ्ठलास वाहिली असे. पुतण्याने वहिवाट ठेवावी..."

"थांब. काय क्येली?"

"वाहिली."

म्हातारी घागरीवर हात टेकून खुदुखुदु हसली. "आरं बाबा, लेकराला खाऊ देतात. देवाला फूल वाहतात. मानसाला कुनी काय वाहतं का? वाहिली आसंल, तर इठ्ठलरावाला सांग, इटंवर हुबा ऱ्हा, हात कमरंवर ठेव. आमी रोज तुळस घालू तुला."

हरिहराच्या हातातला कागद खाली आला. आई रोज सकाळी म्हणायची, 'फुलं वाहून आले.' त्याच्या घरातलाच शब्द तो. इंग्रजीत जाताना 'वाहिली'ची 'दिली' झाली होती आणि एका गावाचे पाणी तुटले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने विठ्ठलरावांना बिऱ्हाडी बोलावून हे सांगितले. ते तडकले. "बॅरिस्टरसाहेब, तुम्ही वकील माझे की त्या म्हातारीचे?"

"तुमचाच. म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. भाषांतर चुकलंय हे मला कळलंय. ते खरं धरून मी साहेबापुढे बोलणार नाही. दुसरा वकील हवा असेल तर आजच कागद परत घ्या."

"विलायतेला जाऊन हेच शिकलात? एका शब्दावर अशिलाला बुडवायचं?"

"चुलतीनं लिहिलंय, विठ्ठलराव. तिचा तुमच्यावर जीव होता म्हणतात. तिनं तुम्हाला कधी काही वाहिलं होतं का?"

विठ्ठलराव उठून उभे राहिले, पण गेले नाहीत. मग हळूच म्हणाले, "काकू मला सगळं देत असे. शेवटी शेवटी तर स्वतःच्या ताटातला घास देई. 'घे रे विठू, दिला तुला,' असं म्हणत असे." ते पुन्हा खाली बसले. "वाहिलं मात्र कधी म्हणाली नाही. ती देवघरात असली की म्हणायची."

मुकदमा उभाच राहिला नाही. विठ्ठलरावांनी वाडी देवाची असल्याचे कोर्टात लिहून दिले आणि वहिवाटदार, म्हणजे सांभाळणारा, म्हणून खाली सही केली. संध्याकाळी त्यांनीच कुलूप काढले. बायांच्या रांगेत सखुबाई होती. "या देवा," ती म्हणाली, "हात लावा घागरीला." आणि त्यांनी लावला.

मंडळी, आपणही कुणाचे ना कुणाचे वहिवाटदार असतो. देवळाचे, संस्थेचे, पोरक्या पुतण्याच्या जमिनीचे. राखायला मिळालेली वस्तू हातात राहून राहून आपलीच वाटू लागते. तसे वाटू लागले, की देणाऱ्याचे मूळ शब्द काढून मोठ्याने वाचावेत. कायद्याचे शिक्षण त्याच कामाला लावावे.

सखुबाईला गाव विसरणार नाही, हरिहराचेही नाव झाले. माझी विनंती दुसऱ्यासाठी आहे. हातात आलेले सोडून ज्याने चारचौघांत मान खाली घातली, त्याचे कीर्तन कोणी करत नाही. आज आरतीला हात जोडाल तेव्हा त्या माणसाला, कळव्याच्या विठ्ठलरावांना, एकवार आठवा.